कपाटातला घोडा

सुनेत्राचं काम कड्या तोडायचं. डँडेनॉन्गच्या ज्या कारखान्यात ती नोकरी करते तिथे ट्रकची दारं बनतात, आणि त्या दारांच्या कड्या किती टिकतील हे सांगायची जबाबदारी तिची. नवी कडी आली की ती यंत्राला लावायची आणि उघड-बंद, उघड-बंद करत ठेवायची, कडीचा जीव जाईपर्यंत. मग तसलीच दुसरी भट्टीत तापवायची, तिसरी बर्फात गारठवायची, चौथीत चिखल कोंबायचा. एखादा मॅनेजर येऊन म्हणाला की चालेल, एवढं काय मनावर घ्यायचं, तर ती त्याच्याकडे अशी बघते की तो पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही. वस्तू दिसते कशी याच्याशी तिला काही कर्तव्य नाही. ऐन वेळी दगा देते की नाही, एवढंच तिला हवं असतं.

म्हणून तिने पिस्तूल घ्यायचं ठरवलं तेव्हा रंग, रूप, नाव यांतलं काही विचारलं नाही. न अडकणारं कुठलं, एवढंच विचारलं.

पिस्तूल कशाला, हे ती राहते त्या टार्निटमध्ये, शहराच्या कडेच्या त्या नव्या वस्तीत, कोणाला सांगावं लागलं नसतं. सुनेत्राच्या घरी पोरं येऊन गेल्याचं सगळ्या एस्टेटला माहीत होतं. जुलैतल्या, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या सुट्ट्या होत्या, दुपारची वेळ. नवरा, अजित, सिटीत ऑफिसला गेलेला. सुनेत्रा त्या दिवशी घरूनच काम करत होती आणि सात वर्षांची मयूरा लाउंजमध्ये चित्रं रंगवत पडली होती. गॅरेजमधून घरात यायचं दार उघडं राहिलं होतं. तिथून तीन पोरं आत शिरली, तोंडं झाकलेली, एकाच्या हातात लोखंडी रॉड. त्यांना फक्त गाडीच्या किल्ल्या हव्या होत्या. मयूराने हॉलमधल्या खुंटीवरच्या किल्ल्या काढून त्यांच्या हातात दिल्या, पोरं गाडी घेऊन गेली, आणि कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

पोलिसांनी मयूराची पाठ थोपटली. शाळेत असेंब्लीमध्ये तिचं नाव घेतलं. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिला स्टेजवर बोलावून रंगपेटी दिली, आणि सूत्रसंचालक शंतनू माइकवर म्हणाला की आमच्या झाशीच्या राणीला घाबरणं माहीतच नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुनेत्रानेही वाजवल्या, आणि वाजवता वाजवता तिला वाटलं, धरणीने आपल्याला पोटात घेतलं तर बरं होईल.

कारण सगळ्यांना वाटत होतं की सुनेत्रा तेव्हा वरच्या मजल्यावर होती. तिनेच तसं सांगितलं होतं. पोलिसांना, शेजाऱ्यांना, अजितला. खरी गोष्ट अशी की ती खालीच होती, स्वयंपाकघरातल्या मधल्या ओट्यामागे. खालच्या खणातून कुकर काढायला वाकली होती तेवढ्यात तिला ते आवाज ऐकू आले, आणि ती उठलीच नाही. उठायचं नाही असं तिने ठरवलं वगैरे नव्हतं. तिच्या पायांनी परस्पर ठरवलं. ओरडायला तोंड उघडलं तर घशातून हवासुद्धा निघेना. जिच्या एका हाकेवर कारखान्याची अख्खी लाइन थांबते ती बाई कुकरचं झाकण मांडीवर घेऊन बसून राहिली, आणि ओट्याच्या कडेने तिला मयूराचे पिवळे मोजे हॉलकडे चालत जाताना दिसले. लेक पुढे आणि आई मागे. हे सुनेत्रा स्वतःला माफ करू शकत नव्हती, आणि पुन्हा असं होऊ द्यायचं नाही हे तिने त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं.

आधी तिने घरभर कॅमेरे लावले, दारांना नवी कुलपं घातली, खिडक्यांना अलार्म. अजित म्हणाला, बैल गेला आणि झोपा केला. तिने लक्ष दिलं नाही. मग एका रविवारी पोहे खाता खाता तिने पिस्तुलाचं काढलं. अजित मूळचा पुण्याचा. गंभीर प्रसंगी विनोद केला नाही तर त्याला अपचन होतं. तो म्हणाला, "हे तर वरातीमागून घोडं झालं."

"घोडं असू दे नाही तर हत्ती," सुनेत्रा म्हणाली. "मी घेणार."

तेव्हापासून पिस्तुलाचं नाव घोडा पडलं. मुंबईकडची गुंड मंडळी पिस्तुलाला घोडाच म्हणतात, तेही अजितला आठवलं, आणि शब्द पक्का झाला. मयूरासमोर बोलायला बरा. पोरगी आधीच एवढ्यातून गेलेली, तिच्या कानावर बंदुकीचं नाव कशाला पडू द्यायचं, असा दोघांचा विचार. गोळ्यांना अजितने चणे म्हणायला सुरुवात केली, कारण घोडा म्हटला की चणे आलेच.

सुनेत्राने रीतसर अभ्यास मांडला. यूट्यूबवर दाढीवाले, टोपीवाले अमेरिकन बाप्ये तासन्‌तास सांगत होते की कमरेला खोचायला कुठलं पिस्तूल, पर्समध्ये ठेवायला कुठलं, उशाखाली कुठलं. तिने ते सगळं ऐकलं आणि कामावरून येताना वाटेतल्या एका बंदुकीच्या दुकानात गेली. काउंटरवरचा माणूस सज्जन होता. पर्समध्ये मावेल असं दाखवा म्हटल्यावर तो हसला. एवढ्याशा नळीची पिस्तुलं इथे तुमच्या-आमच्यासारख्यांना मिळतच नाहीत, म्हणाला. मग काचेखालून एक मोठं काढून तिच्यासमोर ठेवत त्याने विचारलं, हवंय कशासाठी. सुनेत्रा सरळ बाई. ती म्हणाली, घराच्या रक्षणासाठी. त्या माणसाने पिस्तूल उचलून पुन्हा काचेखाली ठेवलं आणि हळू आवाजात सांगितलं की हे मी ऐकलं नाही असं समजतो, पण तुम्ही पुन्हा कुठे बोलू नका.

घरी येऊन तिने शोधलं तेव्हा उलगडा झाला. या देशात घर राखायचंय हे पिस्तूल मागण्याचं कारण होऊच शकत नाही. तसं म्हणालात की दार बंद. खेळ म्हणून नेम मारायचा असेल, क्लबात नियमाने जाणार असाल, क्लबाने तुमची शिफारस केली, तर पुढची गोष्ट. अजितला वाटलं आता तरी हिच्या डोक्यातलं खूळ जाईल. सुनेत्रा म्हणाली, खेळ तर खेळ.

टार्निटच्या पश्चिमेला, नवी घरं संपून शेतं सुरू होतात त्या भागात, एक जुना पिस्तूल क्लब होता. तिथली कॅप्टन ग्लेनिस नावाची बाई. साठी उलटलेली, पांढऱ्या केसांची जाड वेणी, हात सुताराचे असावेत तसे. पहिल्याच दिवशी तिने सुनेत्राला विचारलं की हा खेळ का निवडलास. सुनेत्राने वाटेत पाठ केलेलं उत्तर दिलं. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये रायफल चालवली होती, तेव्हापासून आवड आहे. यातलं पहिलं वाक्य खरं होतं. ग्लेनिस खूश झाली. तिने सुनेत्राचं नाव बोलायला सोपं करून सनी केलं आणि स्वतः शिकवायला घेतलं.

मग दर शनिवार क्लबात. कारखान्यात जी शिस्त, तीच इथे. सुनेत्राने क्लबाची सगळी पिस्तुलं आलटून पालटून चालवून पाहिली. वरचा भाग मागे सरकून आपोआप पुढची गोळी भरणारी पिस्तुलं बाकीच्या नवशिक्यांना आवडत, कारण सिनेमात तीच असतात. सुनेत्राला त्यांच्यात नको इतक्या स्प्रिंगा दिसल्या. एखादं स्वच्छ केलेलं नसलं की उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी तोंडाशीच अडकायची. एखाद्याला एका कंपनीच्या गोळ्या चालायच्या, दुसऱ्या कंपनीच्या नाही. मनगट जरा सैल पडलं तरी काही रुसायची. शेवटी तिने एक बोजड, जुन्या वळणाचं, गोळ्यांचं चाक फिरणारं रिव्हॉल्व्हर निवडलं. एक गोळी उडाली नाही तर चाप पुन्हा ओढायचा, पुढची समोर येते. ज्यात भाग कमी त्यात बिघाड कमी, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

ग्लेनिसला ही निवड फार आवडली. ती म्हणाली, इतकी वर्षं इथे काढली सनी, बंदूक अडकलेली क्वचित बघितली, माणूस अडकलेला मात्र दर शनिवारी बघते. सुनेत्राने मान डोलावली आणि ते वाक्य तिथेच सोडून दिलं.

खरं तर ते वाक्य तिला झोंबलं होतं. सगळी व्यवस्था तपासायची तर माणूसही तपासावा लागतो, हे ती कारखान्यात पोरांना ओरडून ओरडून सांगते. कडी मजबूत आणि ड्रायव्हरने लावलीच नाही, तर दार उघडणारच. पिस्तुलाची परीक्षा झाली होती, हाताची झाली होती, नेम तर इतका बसला होता की जुने मेंबर मागे येऊन उभे राहात. त्या दुपारी बसलेल्या घशाची आणि पायांची परीक्षा तेवढी राहिली होती. ती घ्यायची तिला भीती वाटत होती, हे उघड सांगितलेलं बरं. म्हणून ती दर शनिवारी आणखी थोडा नेम सुधारून घरी येत होती.

घरी कपाटाची तयारी चालू होती. कायदा असा की पिस्तूल लोखंडी पेटीत, पेटी जमिनीला बोल्टांनी आवळलेली, तिला कुलूप. गोळ्या दुसऱ्या पेटीत, तिला दुसरं कुलूप. अजितने ती जड पेटी बेडरूमच्या कपाटात बसवायला मदत केली आणि पाठ धरून बसला. म्हणाला, "घोडा एका कुलपात, चणे दुसऱ्या कुलपात. तू दोन्ही उघडून त्याला चारेपर्यंत चोर चहा पिऊन, कप विसळून जातील."

"घोडा घरात येऊ दे," सुनेत्रा म्हणाली. "मग बघू कोण येतंय ते."

हे वाक्य ती त्या दिवसांत उठता-बसता म्हणायची. भांडी लावताना, गाडी पार्क करताना, रस्त्यावर रात्री टायर किंचाळले की. अजितलाही हळूहळू वाटायला लागलं की हिला एवढा धीर येतोय तर येऊ दे घोडा. त्या दिवसांत मयूरा लायब्ररीतून घोड्यांची पुस्तकं आणायला लागली होती. मुलीचं मन कशात तरी रमलं म्हणून दोघांना बरंच वाटलं. फ्रिजमधली गाजरं लवकर संपतायत हेही त्यांनी चांगल्या सवयीत धरलं.

शिफारशीवर सही करण्याआधी क्लबाची कॅप्टन नव्या मेंबरच्या घरी एकदा चहाला जाते, अशी तिथली जुनी रीत. माणूस घरात कसा आहे ते बघायचं, एवढाच हेतू. एका रविवारी दुपारी ग्लेनिस आली. सुनेत्राने साबुदाण्याचे वडे केले होते, दाण्याची चटणी, आल्याचा चहा. अजितने स्वच्छ शर्ट घातला होता आणि विनोद करणार नाही असं कबूल केलं होतं. ग्लेनिसने दोन वडे खाल्ले, कपाटातली पेटी हलवून बघितली, बोल्ट पाहून वाहवा केली आणि खाली येऊन पुन्हा ओट्याजवळच्या उंच स्टुलावर बसली. सहीचा कागद तिच्या पिशवीत होता. आता तासाभराचा प्रश्न, असं सुनेत्राला वाटलं. निम्मं वर्ष ज्याच्यासाठी घासलं ते हातातोंडाशी आलं होतं.

मयूराला पाहुणी आवडली, कारण पाहुणीच्या बुटांना शेणाचा वास होता. तिने विचारलं तेव्हा ग्लेनिसने सांगितलं की माझ्याकडे दोन घोडे आहेत, सकाळी त्यांचं करून आले. मयूराचे डोळे मोठे झाले. ती जवळ सरकली आणि हळूच म्हणाली की आम्हीपण घेणार आहोत. सरप्राइज आहे, मला माहीत नाहीये असं सगळ्यांना वाटतं.

हे सगळं अर्थातच इंग्रजीत चाललं होतं. मयूराला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र ती इंग्रजीतच. अजित चटणी वाढून घेत होता. त्याचा हात तसाच थांबला.

ग्लेनिसला गंमत वाटली. कुठे ठेवणार घोडा, तिने विचारलं. मयूराचा चेहरा पडला. ती म्हणाली, तेच तर मला तुला विचारायचं होतं. आईच्या खोलीतल्या कपाटात ठेवणार आहेत. लोखंडाच्या पेटीत, कुलूप लावून. बहुतेक बाळ घोडा असेल, पण तरी. आणि त्याचं खाणं दुसऱ्या पेटीत ठेवणार, तिलापण कुलूप. त्याला भूक लागली तर तो काय करेल? मी गाजरं साठवलीयत, पण पेटीला फटच नाहीये. हे क्रुएल आहे ना?

ग्लेनिस हसायला लागली होती. पेटी आणि दुसरी पेटी ऐकल्यावर तिचं हसू आवरलं गेलं. तिने मयूराला अगदी सहज विचारलं, हा घोडा तुम्हाला हवाय कशाला, राजा?

मयूराने अभिमानाने सांगितलं. त्या मुलांसाठी. आई रोज म्हणते, घोडा घरात आला की मग बघू कोण येतंय ते.

ग्लेनिसने कप खाली ठेवला आणि सुनेत्राकडे बघितलं. रागाने नाही. ज्या विद्यार्थिनीवर जीव लावला तिच्याकडे मास्तरीण बघते तसं बघितलं. मग तिने सुटायला वाट करून दिली. ती म्हणाली, "पोरं काहीही बोलतात सनी. घरातली थट्टा असेल. थट्टा होती एवढं म्हण, मी सही करते."

सुनेत्रा ओट्याच्या पलीकडच्या बाजूला उभी होती. अजितने तिच्याकडे बघून मान किंचित हलवली, म्हण ना, म्हणून टाक. सोपं होतं. थट्टाच तर होती, अर्धी. एक शब्द बोलायचा की रिव्हॉल्व्हर तिचं. तिने तोंड उघडलं आणि घशातून काही येईना. तोच बसलेला घसा. पाय जमिनीला तसेच चिकटले. आणि ओट्याच्या त्या बाजूला, पाहुणीच्या समोर, मयूरा एकटी उभी होती. आपण काहीतरी भलतं बोललो हे तिला कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. ती ग्लेनिसला समजवायला लागली की आई वाईट नाहीये, आई घोड्याला मारणार नाही, पेटी मोठी घेता येईल. पुन्हा तीच पुढे होऊन निस्तरत होती.

सुनेत्राला हे दिसलं मात्र, तिला स्वतःची भयंकर चीड आली. नवऱ्याची नाही, चोरांची नाही, स्वतःची. ती ओट्याला वळसा घालून पुढे आली, मयूराला खांद्याला धरून मागे घेतलं आणि तिच्यापुढे उभी राहिली. आवाज आला. घोगरा, कापरा, पण आला.

"थट्टा नव्हती," ती म्हणाली. "घोडा म्हणजे पिस्तूल. मला ते घरासाठीच हवं होतं, पहिल्या दिवसापासून. मी तुझ्याशी खोटं बोलले, ग्लेनिस. ती मुलं आली तेव्हा मी वर नव्हते, अजित. या ओट्यामागे बसले होते. माझ्या मुलीला मी पुढे जाऊ दिलं."

एकदा तरी विनोद न सुचायची वेळ अजितवर आली. मग त्याने बशी खाली ठेवली आणि बायकोशेजारी येऊन उभा राहिला, काही न विचारता.

ग्लेनिस म्हणाली की मी आता सही करू शकत नाही, कळतंय ना तुला. कमिटीलाही सांगावं लागेल. सुनेत्रा म्हणाली कळतंय. मग ग्लेनिसने बरंच काही सांगितलं, तिच्या पद्धतीने, तुटक तुटक. म्हणाली, तुझ्यासारखा नेम मी क्लबात वर्षानुवर्षं पाहिला नाही, त्यामुळे मला वाईट वाटतंय. पण अंधारात पायऱ्यांवर पाऊल वाजलं आणि तू दोन कुलपं उघडून आलीस, तर समोर कोण असेल ते तुला माहीत असतं का? या घरात रात्री पाणी प्यायला कोण उठतं? रात्री पाणी प्यायला मयूरा उठते. हा प्रश्न तिने कड्यांच्या बाबतीत पहिल्याच दिवशी विचारला असता. घराच्या बाबतीत तिने तो विचारायचं टाळलं होतं.

जाताना ग्लेनिस मयूरापुढे वाकली आणि तिला म्हणाली की साठवलेली गाजरं घेऊन माझ्याकडे ये, माझे घोडे पेटीत राहात नाहीत. अजित तिला गाडीपर्यंत सोडायला गेला. बाहेर बराच वेळ दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

आत दोघीच राहिल्या. सुनेत्राला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. निम्म्या वर्षाची मेहनत पाण्यात गेली होती आणि तरी तिला हलकं वाटत होतं, लाज वाटत होती, आणि लेकीच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता. पण आता सुरुवात केलीच होती तर तिने शेवटापर्यंत जायचं ठरवलं. ती मयूरासमोर गुडघ्यांवर बसली.

"मयूरा, त्या दिवशी तुला मी एकटीला सोडलं. मी इथेच होते."

"आय नो," मयूरा म्हणाली.

सुनेत्राला वाटलं तिला नीट कळलं नाही. तिने पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर मयूराने तिला थांबवलं. एरवी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी पोर, आज शोधून शोधून मराठी शब्द वापरत होती.

"मला तुझा पाय दिसत होता. तो रॉडवाला मुलगा तुझ्या साइडला येत होता. म्हणून मी पटकन कीज दिल्या. मग तो आलाच नाही."

कितीतरी महिने सुनेत्रा समजत होती की आपण लेकीला वाऱ्यावर सोडलं. लेक मात्र आईला पाठीशी घालून पुढे गेली होती, सगळं बघून, सगळं समजून. सात वर्षांच्या पोरीने तिला वाचवलं होतं, आणि स्टेजवर रंगपेटी घेतानाही ब्र काढला नव्हता.

"कोणाला सांगितलं का नाहीस मग?"

"तू सगळ्यांना सांगितलंस, वर होते म्हणून. मग मी कसं सांगणार?"

आता मात्र सुनेत्राला रडू आलं. तिने ते येऊ दिलं, पदर-बिदर काही नव्हताच, बाहीनेच तोंड पुसलं आणि उभी राहिली. कड्या तपासताना लागतो तो आवाज तिला लागला.

"ऐक. यापुढे दारात कोणीही आलं, तर तू माझ्या मागे उभं राहायचं. किल्ल्या द्यायच्या तर मी देईन. ओरडायचं तर मी ओरडेन. तू पुढे व्हायचं नाही. कळलं?"

मयूराने नीट विचार केला. ती आईचीच मुलगी, पडताळल्याशिवाय काही मान्य करत नाही.

"तेव्हा तुझा आवाज येईल?"

"आज आला ना."

मयूराला ते पटलं असावं. ती वळसा घालून आईच्या मागे गेली आणि हात अंगाशी घट्ट धरून उभी राहिली, आपण पुरते झाकले जातो का ते बघायला.